प्रायश्चित्त कोणी घ्यावे? : ख्रिस्ती तारणविचार आणि मराठी समाज

हैदराबाद शहरात ‘बळी’ हा शब्द केवळ कोशात राहत नाही. हिमायतनगर, नारायणगुडा, सुलतान बाजार, गनफाउंड्री या जवळजवळच्या वस्त्यांतून वर्षभर वावरणाऱ्या माणसाच्या कानांवर तो अनेक भाषांतून आणि अनेक अर्थांनी पडत असतो. आषाढात बोनालूच्या मिरवणुका निघतात आणि देवीपुढे बळी देण्याच्या जुन्या प्रथेची आठवण जागी होते. बकरी ईदला कुर्बानी होते. मोहरमात करबलाच्या हौतात्म्याचा शोक पाळला जातो. आणि मराठी ख्रिस्ती समाज ज्याला उत्तम शुक्रवार म्हणतो त्या गुड फ्रायडेच्या दिवशी गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथीड्रलमध्ये, तसेच शहरातील लहानमोठ्या चर्चांमध्ये, येशू ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण केले जाते. या प्रसंगांचे अर्थ एकमेकांपासून दूर आहेत. ते एकाच तागडीत घालणे कोणत्याही धर्माला मान्य होणार नाही. तरी त्यांच्या सान्निध्यात एक प्रश्न सहज उभा राहतो. एकाने वेचलेल्या प्राणाचा लाभ दुसऱ्याला होतो काय?

या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माने निःसंदिग्ध होकार दिला आहे, किंबहुना त्या होकारावरच त्याची सारी उभारणी आहे. हा होकार मराठी भाषेत येऊन आज चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात त्याने ओवी घेतली, अभंग घेतला, वादविवादाचे गद्य घेतले, आत्मचरित्र घेतले. त्याचा एक महत्त्वाचा अध्याय जुन्या निजामी राज्यातील मराठी मुलखातही घडला. १९५६ सालच्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबादशी जोडलेले होते. त्यामुळे तो अध्याय या शहरातील मराठी माणसाच्या वारशाचाच भाग मानला पाहिजे.

सिद्धांताचे स्वरूप

ख्रिस्ती तारणविचाराचे मूळ यहुदी यज्ञसंस्थेत आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटताना प्रत्येक घराने कोकरा मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीस लावले आणि मृत्यू ते घर ओलांडून गेला, या कथेवरून वल्हांडणाचा सण सुरू झाला. वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जात. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या मस्तकावर याजक हात ठेवून लोकांची पापे कबूल करी आणि मग त्याला अरण्यात सोडून देण्यात येई. मात्र याच परंपरेतील संदेष्ट्यांनी, देवाला पशूंच्या रक्तापेक्षा दया आणि न्याय अधिक प्रिय आहेत, असेही वारंवार बजावले. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात इतरांच्या अपराधांसाठी दुःख सोसणाऱ्या एका सेवकाचे चित्र आहे. येशूच्या अनुयायांनी त्याच्या मरणाकडे या तिन्ही गोष्टींच्या प्रकाशात पाहिले. वल्हांडणाच्या सणातच त्याला वधस्तंभावर खिळण्यात आले होते. त्यामुळे कोकऱ्याची उपमा त्यांना शोधावी लागली नाही.

यातील नवेपणा ‘इब्री लोकांस पत्र’ या नव्या करारातील लेखात सर्वांत स्पष्टपणे मांडला आहे. तेथे याजकही ख्रिस्त आणि बळीही ख्रिस्तच. तो दुसऱ्याचा प्राण अर्पण करीत नाही, स्वतःचा करतो. आणि हे अर्पण एकदाच होते, त्याची पुनरावृत्ती लागत नाही. याचा अर्थ असा की ख्रिस्ती धर्माने यज्ञाची कल्पना सर्वोच्च स्थानी नेली आणि त्याच क्षणी प्रत्यक्ष पशुयज्ञ संपविला.

मात्र एका मरणाने सर्वांची सुटका नेमकी कशी होते, याचे एकच अधिकृत स्पष्टीकरण चर्चच्या प्राचीन श्रद्धाघोषणांनी दिलेले नाही. आरंभीच्या आचार्यांनी ते पापाच्या दास्यातून सोडविण्यासाठी दिलेले मोल मानले. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने ऋणाचा दृष्टांत घेतला : मनुष्याने देवाच्या मानाचा भंग करून जे ऋण केले ते फेडण्याची जबाबदारी मनुष्याची, पण शक्ती फक्त देवाची, म्हणून देवालाच मनुष्य व्हावे लागले. बाराव्या शतकात अबेलार्डने या हिशेबापेक्षा प्रेमावर भर दिला. त्या मरणात दिसणारे प्रेम माणसाचे मन पालटते, हेच तारण असे त्याचे म्हणणे होते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी न्यायालयाची भाषा वापरली आणि अपराध्याची शिक्षा निरपराध्याने भोगली असे मांडले. मोल, ऋण, प्रेम आणि शिक्षा या चार दृष्टांतांपैकी कोणता मराठी मनाला कितपत पटला, यावर पुढील सारा इतिहास अवलंबून आहे.

शब्दांची कसोटी

परक्या सिद्धांतासाठी भाषा नवे शब्द क्वचितच घडवते. ती आपले जुने शब्द उसने देते, आणि त्या शब्दांबरोबर त्यांचा पूर्वेतिहासही देते. मराठी बायबलात रूढ झालेल्या काही शब्दांकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. ‘तारण’ या शब्दात नदी तरून जाण्याची कल्पना आहे, परंतु व्यवहारात कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तूही तारणच. ‘खंडणी’ हा शब्द सुटकेच्या मोलासाठी योजला गेला. मराठी वाचकाला मात्र तो मोहिमांची आणि बखरींची आठवण देतो. ‘बळी’ म्हटले की वेदीवरचा पशू आठवतो, आणि त्याच वेळी ज्याचे राज्य परत यावे अशी इच्छा दिवाळीत बोलून दाखविली जाते तो पाताळात दडपला गेलेला राजाही आठवतो.

सर्वांत अवघड शब्द ‘प्रायश्चित्त’ हा होय. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताध्याय म्हणूनच ओळखला जातो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या विषयाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. कृच्छ्र असो की चांद्रायण, पाप ज्याचे प्रायश्चित्तही त्याचेच, ही या व्यवस्थेची सर्वसाधारण भूमिका. कर्मसिद्धांताने ती अधिकच दृढ केली. अशा भाषेत ‘ख्रिस्त हाच आमचे प्रायश्चित्त’ असे म्हणणे हा केवळ अनुवाद नव्हता; त्या शब्दातील कर्ताच बदलला जात होता.

तथापि हिंदू परंपरेत दुसऱ्यासाठी काही करण्याची कल्पनाच नव्हती, असे समजणे चुकीचे ठरेल. खडतर व्रताऐवजी गोदान किंवा जप करण्याची प्रत्याम्नायाची सोय धर्मशास्त्रातच आहे. पुत्राने केलेल्या श्राद्धाचा लाभ पितरांना होतो, अशी श्रद्धा आहे. दधीची आपली हाडे देतो, शिबी आपले मांस देतो. श्रियाळ आणि चांगुणा यांनी अतिथीसाठी चिलया बाळाला उखळात कांडल्याची कथा ‘शिवलीलामृता’मुळे महाराष्ट्रात घराघरांत पोचली आहे. आब्राहामाने पुत्राला वेदीवर ठेवल्याची कथा ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला ती अगदीच परकी वाटली नसावी. दोन्ही कथांत मूल शेवटी परत मिळते. ख्रिस्ती कथेतील पिता मात्र पुत्राला मरणापासून वाचवीत नाही. पुनरुत्थान त्या मरणाच्या पलीकडे आहे.

साष्टीतील पुराण

हा सिद्धांत मराठीत प्रथम भव्य रूपात आणला तो थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. १५७९ साली तो गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच वारला. या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्याने साष्टीत घालविला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे : ‘पैले पुराण’ जुन्या कराराचे आणि ‘दुसरे पुराण’ नव्या कराराचे. या मांडणीमागे तारणविचाराचाच धागा आहे. पहिल्या भागात मनुष्याचे पतन आणि तारकाचे अभिवचन. दुसऱ्या भागात त्या अभिवचनाची पूर्तता. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ आणि सुटकेसाठी ‘मुक्ती’ असे परिचित शब्द निःसंकोच वापरले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा कान त्याला लाभला होता, याची साक्ष ग्रंथाच्या पानोपानी मिळते. मूळ छापील प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. त्यानंतरच तो सर्वसामान्य मराठी वाचकाच्या आटोक्यात आला.

स्टीफन्स एकटा नव्हता. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ याने सेंट पीटरवर मराठी ओवीबद्ध पुराण रचले. १६५९ साली फ्रांसिस्कु वास द गिमारांइश याचे पुराण आले. त्याचा विषयच मुळी ख्रिस्ताचे क्लेश आणि मरण हा होता. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात ते पुढे दीर्घकाळ वाचले गेले. ग्रामीण श्रोत्यांपर्यंत तारणाचा विचार तत्त्वचर्चेतून न पोचता करुणरसाच्या आख्यानातून पोचला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. अबेलार्डचा प्रेमाचा दृष्टांत नाव न घेता या ओव्यांतून काम करीत होता.

परंतु ज्या भूमीत ही ओवी उमलली तेथे बळी हा केवळ काव्याचा विषय नव्हता. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे संतप्त ग्रामस्थांनी रुदोल्फो आक्वाविवा व त्याच्या चार जेझुइट सहकाऱ्यांना ठार मारले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून त्यांची हत्या केली. रोमन चर्चने १८९३ साली त्या पाच जेझुइटांना धन्य घोषित केले; कुंकळ्ळीकरांनी आपल्या गावकऱ्यांचे स्मारक उभारले. एकाच घटनेने दोन समाजांना हुतात्मे दिले. दुसऱ्यासाठी प्राण देण्याचा सिद्धांत आणि दुसऱ्याचा प्राण घेणारी सत्ता एकाच गलबतातून आली होती, हा गोव्याच्या इतिहासातील विरोध ‘ख्रिस्तपुराणा’च्या रसग्रहणात विसरला जाऊ नये.

दोन भाऊ

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो मुंबईत आणि प्रॉटेस्टंट पंथांच्या रूपाने. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली सुरू झाले, डॉ. जॉन विल्सन १८२९ साली आले. या काळातील सर्वांत बोलके प्रकरण १८४३ सालचे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजून अल्पवयीन होता. तोही मिशनरी नेस्बिट यांच्या घरी राहिला. पित्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायमूर्ती पेरी यांनी मुलाला पित्याच्या स्वाधीन केले.

येथून खरा पेच सुरू झाला. श्रीपतने मिशनऱ्यांच्या घरी अन्नपाणी घेतले होते. त्याला पुन्हा जातीत घेता येईल काय? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी, येईल अशी भूमिका घेतली. शास्त्राधार शोधून प्रायश्चित्तपूर्वक मुलाला शुद्ध करून घ्यावे, यासाठी त्यांनी आपले सारे वजन खर्ची घातले. सनातन्यांनी कडवा विरोध केला, ब्राह्मणसमाजात तट पडले आणि बाळशास्त्र्यांवरही बहिष्काराचे संकट आले. १८४६ साली त्यांचा अकाली मृत्यू झाला. मिशनऱ्यांच्या प्रचाराला उत्तर म्हणून हे प्रकरण पाहिले जाते, ते योग्यच आहे. परंतु त्याचा आणखी एक अर्थ आहे. एका अजाण मुलाच्या शुद्धीसाठी ज्याने स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली त्याने, शास्त्राच्या चौकटीत राहूनच, दुसऱ्याच्या प्रायश्चित्ताचा भार काही अंशी आपल्या खांद्यावर घेतला होता.

अशा रीतीने एकाच घरातील दोन भावांपुढे एकाच शब्दाचे दोन अर्थ उभे राहिले. धाकट्यासाठी प्रायश्चित्त म्हणजे परतीचा विधी. थोरल्यासाठी ते आधीच कोणीतरी पूर्ण केलेले कार्य. आता उरले ते कृतज्ञतेने जगणे. थोरला कसे जगला याचे उत्तर निजामी राज्यात मिळते. रेव्हरंड नारायण शेषाद्री १८६० नंतरच्या दशकात जालन्यास गेले आणि त्या परिसरात त्यांनी ‘बेथेल’ म्हणजे ‘देवाचे घर’ या नावाची वसाहत उभारली. तिच्यासाठी जमीन मिळाली ती दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारकडून. तेथे वसलेली कुटुंबे प्रामुख्याने मांग, महार अशा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होती. मुसलमान राज्याच्या दिवाणाने, ब्राह्मणकुळात जन्मलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला, गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी जमीन द्यावी, ही घटना दख्खनच्या इतिहासात सहज विसरण्यासारखी नाही. १८७३ साली न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत पागोटे घालून भाषण करणारे नारायण शेषाद्री परत आले ते जालन्याच्याच कामात. १८९१ साली समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले.

बेथेलच्या रहिवाशांना तारणाचा सिद्धांत कोणत्या अर्थाने भावला असेल, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कर्मविपाकाच्या प्रचलित समजुतीनुसार त्यांचा जन्म हीच त्यांची शिक्षा होती. ते कुठल्याशा विसरलेल्या जन्मीचे ऋण फेडीत होते. ते ऋण दुसऱ्याने फेडून टाकले आहे, हे वाक्य मुंबईच्या पंडिताला तर्कदुष्ट वाटले असेल. जालन्याच्या मांगवाड्यात त्याचा अर्थ अगदी निराळा होता.

वादाचे मुद्दे

पंडितांचा आक्षेप मात्र क्षुल्लक नव्हता. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी डॉ. विल्सन यांच्या प्रतिपादनास उत्तर देणारा ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ सिद्ध केला. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. ते लोकांच्या मोठ्या गर्दीत चालत. अशा वादांतून जो प्रश्न सतत डोके वर काढी तो असा : अपराध्याऐवजी निरपराध्याला शिक्षा देणारा न्यायाधीश न्यायी कसा? आणि पापाचे फळ दुसऱ्याने भोगले तर पाप करणाऱ्याला सुधारण्याची गरज काय उरली? प्रार्थनासमाजाची भूमिका वेगळ्या दिशेने तेथेच पोचत होती. खरा पश्चात्ताप आणि ईश्वराची भक्ती पुरेशी आहे. मध्ये मध्यस्थाची वा रक्ताची आवश्यकता नाही, असे ते समाज मानी.

यांना उत्तर देणाऱ्यांत नीलकंठशास्त्री गोरे यांचे स्थान विशेष आहे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने प्रथम ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. शंका घेण्याचा स्वभाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्यांच्या बाजूच्या युक्तिवादाचा गाभा हा की, केवळ क्षमा म्हणजे अपराधाला किंमत नाही असे म्हणण्यासारखे होईल. ज्याचा अपराध झाला त्याने स्वतःच ती किंमत सोसली, तरच क्षमा आणि न्याय दोन्ही राखले जातात. येथे निरपराध तिऱ्हाइताला शिक्षा होत नाही. धनकोच ऋणकोचे कर्ज आपल्या अंगावर घेतो. ख्रिस्त हा परमेश्वरापासून भिन्न नाही, हे गृहीत धरले तरच हा युक्तिवाद उभा राहतो. म्हणून खरा मतभेद बळीविषयी नव्हता, बळी कोण याविषयी होता.

महात्मा जोतीराव फुल्यांनी हा वाद तिसऱ्याच ठिकाणी नेला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही की ऋणमोचनाचा सिद्धांत स्वीकारला नाही. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त त्यांनी ख्रिस्ताला बळीराजाच्या परंपरेत बसविले. वेदीवरचा बळी त्यांच्या हाती पाताळात घातलेला राजा झाला. तारण म्हणजे त्याच्या राज्याचे पुनरागमन. मराठी शब्दातच दडलेली ही शक्यता कोणत्याही पाश्चात्त्य मिशनऱ्याच्या ध्यानात येणे कठीण होते.

केडगाव आणि नगर

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा सिद्धांत तर्काच्या पलीकडे जातो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थयात्रा, पुराणवाचन आणि दानधर्म यांत आयुष्य आणि धन वेचले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. पुण्य साठविण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न करूनही हाती काही उरले नाही, हा अनुभव त्यांच्या विचाराच्या तळाशी आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु त्रैक्यासारखी मते केवळ चर्च सांगते म्हणून त्या स्वीकारीनात. वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हे स्वातंत्र्य ठायी ठायी दिसते. १८९१ च्या सुमारास आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले आहे. तारण मिळवायचे नसते, ते मिळालेले असते, हा त्या जाणिवेचा अर्थ.

या अर्थाची परीक्षा दुष्काळाने घेतली. १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया केडगावला आणल्या. तेथील संस्थेचे नाव ‘मुक्ति’. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीच्या विभागाचे नाव ‘कृपासदन’. ज्या शास्त्रव्यवस्थेत स्त्रीला स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नाही असे त्यांना आढळले होते, तिच्यातलाच शब्द त्यांनी दारावर लावला आणि दार उघडे ठेवले. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर केले ते साध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीत. संस्कृत धर्मशब्दांबरोबर येणारे जुने अर्थ टाळण्याची त्यांची धडपड त्यात दिसते. १९२२ साली, कन्या मनोरमेच्या मृत्यूनंतर वर्षही झाले नसताना, त्या निवर्तल्या. भाषांतर त्यापूर्वी थोडेच दिवस पुरे झाले होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी नेमका उलटा मार्ग धरला. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने वारकरी परंपरेचा शब्दसंभार टाकला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’त ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. कायद्याची आणि ऋणाची भाषा येथे जवळजवळ विरघळून जाते. आई लेकरासाठी सोसते तिचा हिशेब कोणी मागत नाही. त्यामुळे ‘एकाचे दुःख दुसऱ्याच्या कामी कसे येते?’ हा समुद्रकिनाऱ्यावरचा प्रश्न टिळकांच्या अभंगात उद्‌भवतच नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न आरंभिला. १९१९ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

सोसणारे इतर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा उल्लेख शेवटी करावा लागतो, कारण तारणाच्या या साऱ्या चर्चेत जे सुटून जाते ते त्या ग्रंथाने टिपले आहे. पतीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यानंतरची ताटातूट, नातलगांच्या घरी काढलेली वर्षे, लहान मुलाची काळजी, लोकांचे टोमणे हे सर्व त्यांनी भोगले. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. त्यांच्या लिखाणात आक्रोश नाही, सिद्धांतही नाही. मात्र ‘एकाने सर्वांसाठी सोसले’ असे सांगणाऱ्या धर्माच्या स्वीकारासाठी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सोसावे लागले, हे सत्य त्यांच्या प्रसन्न शैलीआडून सतत जाणवत राहते.

हीच गोष्ट श्रीपतची, त्याच्या पित्याची, बाळशास्त्र्यांची, कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांची आणि तेथे पडलेल्या धर्मोपदेशकांची. मराठी भूमीवर ख्रिस्ती तारणविचाराची किंमत केवळ त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी मोजली नाही. उलट बाजूने पाहता, ज्यांना कोणताही हिशेब कधी परवडणार नव्हता अशा बेथेलच्या आणि केडगावच्या माणसांना याच विचाराने उभे राहण्यास जागा दिली. हे दोन्ही खरे आहे, आणि एका सत्याने दुसरे पुसले जात नाही. सिद्धांताची कसोटी त्यामुळे शेवटी वादसभेत लागली नाही. ज्याने दुसऱ्याचे ओझे स्वतः उचलले त्याचे म्हणणे मराठी समाजाने ऐकून घेतले, मग त्याचा धर्म कोणताही असो. आणि ज्याने आपले ओझे दुसऱ्यावर टाकले त्याचे प्रतिपादन कितीही शास्त्रशुद्ध असले तरी ते मनाला भिडले नाही.

शतकाचा उंबरठा ओलांडणाऱ्या ग्रंथालयात ‘ख्रिस्तपुराण’ आणि एकनाथी भागवत, काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास आणि ‘गुलामगिरी’, ‘अभंगांजली’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही एकाच छताखाली नांदू शकतात. तेलुगू आणि उर्दूच्या मधोमध मराठी जपणाऱ्या हैदराबादकर वाचकाला या ग्रंथांचे परस्परांशी चाललेले संभाषण ऐकू येणे अधिक सोपे आहे. कारण एका शब्दाला अनेक धर्मांत अनेक अर्थ असतात, हे त्याला हिमायतनगरच्या रस्त्यावरच शिकायला मिळते. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावे की दुसऱ्यासाठीही घेता येते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वाचक आपापल्या श्रद्धेनुसार देईल. चारशे वर्षांत तो प्रश्न मराठीत किती प्रामाणिकपणे विचारला गेला आणि त्यासाठी कोणी काय सोसले, याची नोंद जतन करणे हे मात्र ग्रंथालयाचे काम आहे.